आजोबांच्या डब्यातली काडतुसे

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा आला, पाव आला, चावी आली आणि त्याच गलबतांतून काडतूसही उतरले. पहिल्या तिघांना आपण घरात घेतले. चौथ्याची ओळख मात्र बहुतेकांची शाळेतलीच, १८५७ च्या धड्यापुरती. चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडायला लावली म्हणून शिपाई बिथरले, हे वाक्य आमच्या पिढीने इतक्या वेळा घोकले आहे की, दातांनी नेमके काय तोडायचे होते हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही.

त्या काळचे काडतूस ही कागदाची सुरळी होती. आत एका बाराला पुरेल इतकी मोजलेली दारू आणि एका अंगाला शिशाची गोळी. शिपायाने एका हाताने बंदूक सावरायची, दुसऱ्या हाताने सुरळी तोंडाशी न्यायची, तिचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी गजाने ठासायची. काडतूस उघडायचे जुन्यातले जुने हत्यार ते हे, शिपायाचे दात. इंग्रजांनी १८५७ मध्येच कवायतीत बदल करून दातांऐवजी हाताने फाडायची मुभा दिली. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

पुढे कागद गेला आणि पितळी पुंगळी आली. ‘एक रिकामी पुंगळी व दोन जिवंत काडतुसे मिळून आली’ असे पोलिसांच्या पंचनाम्यात असते, ती हीच पुंगळी. तिच्या बुडाशी टोपी असते आणि टोपीत ठोका बसताच पेटणारा चिमूटभर मसाला. पोटात दारू. तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चारच वस्तूंचा हा संसार. बार उडाला की तीन वस्तू संपतात आणि पुंगळी तेवढी मागे उरते. ती टाकून देण्याऐवजी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा भरायची, हा अमेरिकेत अनेकांचा छंद आहे. आपल्याकडे लोक टपाल तिकिटे जमवत तशा निष्ठेने ते हे करतात. आता भरताना चूक झाली, दारू कमीजास्त पडली, तर ते काडतूस बंदुकीत घालणे म्हणजे जिवाशी खेळ. ते सोडवायला हवे. दात इथे चालत नाहीत. म्हणून पुंगळीतून गोळी उपसून काढणारे हत्यार निघाले. त्याला ‘बुलेट पुलर’ म्हणतात. सुताराच्या जंबूराचा हा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

फलटणमध्ये राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ही माहिती कशाला हवी, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

आमच्या घरापासून दोन घरे सोडून एक जुने कुटुंब राहते. त्यांची शेती जिरायत पट्ट्यातली. नीरा उजव्या कालव्याचे पाणी त्यांच्या शिवाराच्या अलीकडेच थांबलेले. घरातले आजोबा नऊ वर्षांपूर्वी वारले. त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक होती. फलटण हे संस्थानी गाव. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तरी संस्थानी वारे इथल्या वाड्यांतून पुढे बरीच वर्षे वाहत होते, आणि बंदुकीचा परवाना ही घराण्याच्या प्रतिष्ठेची गोष्ट होती. गंमत अशी की हेच फलटण महानुभाव पंथाचे मोठे तीर्थक्षेत्र. मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपणारा पंथ आणि तलवारीवर वाढलेले निंबाळकर, दोघेही एकाच गावात शतकानुशतके नांदले. असो. आजोबा गेल्यावर मुलाने बंदूक रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, पुढे ती विकली गेली, आणि घरात सगळ्यांना वाटले की विषय संपला.

गेल्या वर्षी घर पाडून नवे बांधायचे ठरले. माळा आवरताना ग्लुकोज बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पंधरा काडतुसे. अकरा जाडजूड, लाल कागदी अंगाची. चार लांब, सडपातळ, पितळी, आंबट ताक ठेवलेल्या भांड्याला चढते तशी हिरवट कळक चढलेली.

बँकेच्या हिशेबात मी हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. मोठी नोंद सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्या कडेची चिल्लर कुठल्यातरी कप्प्यात पडून राहते. बंदूक एक होती, तिला क्रमांक होता, म्हणून ती आठवली. काडतुसे कुणी मोजलीच नव्हती.

त्या घरातला नातू डिप्लोमा झालेला, कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा, हुशार पोरगा. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि मोबाइलवर तीन चित्रे दाखवून म्हणाला, “काका, यातला कुठला पुलर घ्यावा?” त्याचा विचार सरळ होता. गोळ्या उपसायच्या, दारू अंगणात पेटवून द्यायची, आणि पितळी पुंगळ्या नव्या घराच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आजोबांच्या फोटोशेजारी ठेवायच्या. “गोळी काढली की राहतं काय काका? नुसतं पितळ.” मला विचारायचे कारण दुहेरी होते. माझ्या एका कादंबरीत शिकारीचे प्रकरण आहे. आणि बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा बंदुकीशी संबंध आलेला असतोच, असा त्याचा समज. तो समज पुष्कळसा खरा आहे. पण त्याहून कामाची गोष्ट अशी की, ही तिन्ही हत्यारे मी प्रत्यक्ष पाहिलेली होती.

माझी मुलगी टेक्सासमध्ये असते. २०१८ साली तिच्याकडे चार महिने राहिलो तेव्हा शेजारी एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांचे गॅरेज म्हणजे काडतुसे भरण्याचा छोटा कारखानाच. मोटार बिचारी बाहेर उन्हात. निवृत्त माणसाला ऐकणारा मिळाला की तो किती बोलतो, हे मी स्वानुभवावरून जाणतो. त्यामुळे दोन दुपारी निमूटपणे ऐकून घेतले.

पहिले हत्यार दिसायला हातोडीसारखे. डोके पोकळ, जाड प्लॅस्टिकचे. काडतुसाचे बूड तीन पाकळ्यांच्या एका कडीत अडकवायचे, काडतूस गोळी आत करून त्या पोकळ डोक्यात ठेवायचे, मागून झाकण आवळायचे आणि हातोडी लाकडाच्या ओंडक्यावर आपटायची. दोनतीन ठोक्यांत गोळी आणि दारू पोकळीत पडतात, पुंगळी वर अडकून राहते. यात जादू नाही, जडत्व आहे. फलटणहून साताऱ्याला जाताना आदर्कीच्या घाटात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की एस. टी. थांबते आणि उभे प्रवासी पुढे जातात, तसेच. पुंगळी थांबते, गोळी थांबायला तयार नसते. सुतारही हेच करतो. हातोडीचा दांडा सैल झाला की तो दांड्याचे बूड फरशीवर आपटतो आणि वरचे लोखंड आपल्याच वजनाने खाली येऊन घट्ट बसते. मास्तरांनी एक बारकावा सांगितला तो मला आवडला: गोळी जितकी जड तितकी ती लवकर निघते, हलकी गोळी छळते. संसारातही कधीकधी... पण ते राहू दे.

दुसरे हत्यार काडतुसे भरायच्या दाबयंत्रावर बसवायचे. त्यात कोलेट असतो. गोळीचे डोके कोलेटमध्ये आवळायचे आणि दांडा खेचून पुंगळी खाली ओढायची. गोळी वरच लटकत राहते, दारू सांडत नाही, आवाज नाही. शंभर काडतुसे सोडवायची तर हेच बरे. मात्र प्रत्येक जाडीच्या गोळीला वेगळा कोलेट लागतो, आणि ज्या गोळीचे डोके पुंगळीबाहेर जेमतेम दिसते तिला कोलेटची पकडच बसत नाही. नातवाला हे चटकन कळले. लेथवर रोज कोलेट बदलणारा मुलगा तो.

तिसरे म्हणजे पक्कड. विशिष्ट घडणीची, पण पक्कडच. गोळीला ओरखडे पडतात, ती पुन्हा वापरायच्या लायकीची राहत नाही. मास्तर तिच्याबद्दल फारसे बोलले नाहीत.

या हत्यारांच्या कंपन्याही जुन्या. त्यातली एक आरसीबीएस. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन नावाच्या गृहस्थाने सुरू केलेली. या भारदस्त आद्याक्षरांतला ‘आरसी’ म्हणजे रॉकचक, खडकांत बिळे करून राहणारा घुशीच्या चणीचा एक लठ्ठ प्राणी. त्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवायचे साधन केले, त्यावरून कंपनीचे नाव. आपल्याकडे कुणी कारखान्याला ‘घूस’ नाव देईल का?

मास्तरांकडे तीन नियम भिंतीवर लिहिलेले होते. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हात लावायचा नाही. जे काडतूस कुणी भरले, कधी भरले हे माहीत नाही, त्यातली दारू पुन्हा वापरायची नाही. आणि बुडाच्या काठात मसाला असलेले काडतूस या हातोडीत कधीही घालायचे नाही. हा तिसरा नियम मी नीट समजून घेतला. कोल्हापूरच्या आपल्या मुलामुलींनी नेमबाजीत नाव काढले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेती झाली. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणले. ते ज्या पॉइंट टू टू रायफलीने मारतात तिच्या इवल्याशा काडतुसाला वेगळी टोपी नसतेच. मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात सर्वत्र भरलेला असतो. ते पुन्हा भरता येत नाही, आणि काठावर ठोका बसला तर हातातच उडू शकते.

हे सगळे मी नातवाला सांगितले, कारण पोराने मनापासून प्रश्न विचारला होता आणि ‘नको रे बाबा, भलतंच काहीतरी’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला योग्य वाटले नाही. तरुण मुलांना आपण कारण न सांगता नको म्हणतो, आणि मग ती मोबाइलला विचारतात.

आता डब्याकडे. अकरा काडतुसे बारा बोअरची. त्यांच्यात उपसायला गोळीच नव्हती! बारा बोअरची बंदूक म्हणजे छऱ्यांची बंदूक. ‘बारा’ हा आकडा कसला असे बँकेतल्या रखवालदाराला मी एकदा विचारले होते, तेव्हा तो म्हणाला होता, “सायेब, बारा गावची हाय म्हणून.” खरा अर्थ असा, की तिच्या नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घेतली तर एक पौंड वजनात बारा बसतात. प्रत्यक्षात काडतुसात बहुधा छरे असतात. खाली दारू, मध्ये बुच्चे, वर छरे आणि तोंड दुमडून बंद केलेले. बुलेट पुलरला पकडायला तिथे काही नाही. नातवाने चारपाच हजार खर्चून ते हत्यार मागवले असते तर पंधरापैकी अकरा काडतुसांपुढे ते तसेच पडून राहिले असते.

ही काडतुसे बहुधा आपल्या पुण्याचीच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली की ते खडकीचे माहेर समजावे. बारा बोअरच्या त्यांच्या काडतुसांचे नाव ‘शक्तिमान’. दूरदर्शनवर १९९७ मध्ये त्याच नावाची मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या शाखेतल्या रखवालदाराला शिपायाची पोरे “काका, तुमच्या पट्ट्यात शक्तिमान आहे ना?” असे विचारून हैराण करत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आला.

तो रखवालदार निवृत्त फौजी. सातारा जिल्ह्यात बँकेच्या रखवालदाराच्या जागेला माजी सैनिकांचा तुटवडा कधी पडला नाही. ज्या जिल्ह्यात एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी आहे, तिथे तो पडेल कसा? त्याच्या पट्ट्यातली काडतुसे तपासणीच्या वेळी मी मोजून नोंदवहीत सही करायचो. पावसाळ्यात तो ती रोज संध्याकाळी फडक्याने पुसायचा. कागदी अंगाचे काडतूस ओल धरते, फुगते, आणि ऐन वेळी नळीत शिरतच नाही. शिरले तर फुसका बार. आणि फुसका बार झाला तरी बंदूक लगेच उघडायची नाही, तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबायचे, कारण दारू कधीकधी उशिरा पेट घेते. हे त्याने मला शिकवले. आमच्या शाखेत दरोडा कधी पडला नाही, पण ओल्या काडतुसाचा हा धडा मी विसरलो नाही.

डब्यातली अकराही फुगलेली होती. एकाची कड उकलून दोन छरे फडक्यात सांडले होते.

राहिली चार. हत्यार लागू पडलेच तर या चारांना. पण त्यांच्याबद्दल कुणाला काय ठाऊक होते? आजोबांकडे रायफल कधी नव्हती. मग ही आली कुठून? शिकारीच्या दिवसांत कुणी सोबत्याने दिली असतील, कुणी फौजेतून सुटताना आणली असतील. बुडावरची अक्षरे कळकीखाली गेलेली. आपल्याकडे थ्री नॉट थ्रीसारखी फौजी मापाची काडतुसे सामान्य परवानाधारकाला वर्ज्य. म्हणूनच तर तिच्याऐवजी पॉइंट थ्री वन फाइव्ह माप रूढ झाले. यातली ती वर्ज्य असतील तर? शिवाय फौजी काडतुसांत नुसती शिशाची गोळी असेलच असे नाही. वाट दाखवत जळत जाणारी गोळी असते, आग लावणारी असते. रंगाच्या खुणेवरून ती ओळखतात. इथे रंग उरलाच नव्हता. पन्नास-साठ वर्षे पडून राहिलेली दारू आतल्या आत बिघडते, आम्ल धरते, पितळ खाते. पुंगळीच्या गळ्यात गोळी जणू सांधली जाते. अशा काडतुसावर ठोके मारायचे म्हणजे बंद पाकिटावर ठोके मारणे, आत काय आहे ते न वाचता.

बंदुकीबाहेर काडतूस उडाले तर गोळी फार लांब जात नाही. तिला वेग द्यायला नळी नसते. पण पितळी पुंगळी फुटते आणि तिच्या कपच्या उडतात. बोटे आणि डोळे, नुकसान तिथे होते. पुंगळी रिकामी केली तरी तिच्या बुडाशी टोपी जिवंतच असते. ‘नुसतं पितळ’ काचेच्या कपाटात ठेवले आणि एखाद्या धाकट्या भाच्याने खिळा-हातोडी घेतली, तर? हे ऐकल्यावर मात्र नातवाच्या आईने, ज्या आतापर्यंत दारातून ऐकत होत्या, डबा उचलून थेट परसातल्या पडवीत नेऊन ठेवला.

मग कायदा. बँकेने मला एक सवय लावली: कुठलाही कागद व्याख्येपासून वाचायचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या दिली आहे. त्यात तयार काडतुसे तर आहेतच, पण दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही आहे. टेक्सासच्या मास्तरांचे गॅरेज उचलून फलटणला आणले तर त्यातले बरेचसे सामान कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा ठरेल! गोळी उपसणारी हातोडी हे जोडायचे यंत्र नव्हे, मोडायचे आहे. वकील त्यावर वाद घालू शकतील. पण वाद घालायला उभे राहायचे ते कुठे, हे पाहावे. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. परदेशी कंपन्यांची सामानाची यादी आपल्या मोबाइलवर दिसते, कायदा मात्र त्यात दिसत नाही.

याच कायद्याचे कलम २१ मात्र घरातल्या माणसांनी वाचावे असे आहे. परवाना संपला, रद्द झाला किंवा अन्य कारणाने शस्त्र वा दारूगोळा बाळगणे बेकायदा झाले, की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे ते सांगते. परवाना वारशाने आपोआप मिळत नाही. शेतजमिनीला वारस लागतात तसे परवान्याला लागत नाहीत. वारसाला हवा तर त्याने स्वतः अर्ज करायचा. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी साधी नळीची बंदूक, या दोन्हींचा परवाना देण्याबद्दल हा कायदा तसा उदार आहे. त्यामुळे आपल्याकडे सातारा-सांगलीच्या आणि कोकणाच्या जुन्या घरांतून बंदुका होत्या, अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरत गेले, परवानाधारक म्हातारे झाले आणि गेले. माळ्यावरचे डबे तेवढे राहिले.

‘विनाविलंब’ या शब्दापाशी मुलगा अडखळला. मुलगा म्हणजे त्या नातवाचे वडील, माझ्याच वयाचे. नऊ वर्षे झालेली. आता ठाण्यात गेलो तर इतकी वर्षे काय करत होता विचारतील, गुन्हा दाखल होईल, घर बांधायच्या वेळी ही कटकट नको, असे त्यांचे म्हणणे. एका पाहुण्याने रात्री बाणगंगेच्या पुलावरून टाकून द्यायचा सल्ला दिला. दुसऱ्याने कालवा सुचवला. बोअरवेलचे बंद पडलेले भोकही सुचवून झाले. यातला एकही माणूस वाईट नव्हता. भीती माणसाला असे मार्ग सुचवते, आणि मला वाटते, गावोगावची किती काडतुसे अशी ओढ्यानाल्यांत गेली असतील. ती पुढे कुणाच्या तरी हाती लागणार. नदी आटते. कालवा आवर्तन संपले की कोरडा पडतो आणि त्यात पोरे खेळतात.

मी त्यांना पुलगावची गोष्ट सांगितली. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी त्याच्या जवळच्या मैदानात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायला आणला होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतली, रोजंदारीवर पेट्या उचलायला आलेली माणसे होती. जिथे मैदान राखून ठेवलेले, जाणकार हजर, रीत ठरलेली, तिथे हे झाले. जुना दारूगोळा मोडण्याचे काम तो बनवण्याइतकेच, कदाचित काकणभर जास्तच, जोखमीचे आहे. आणि त्याची किंमत बहुधा सगळ्यात कमी मजुरी घेणारा मोजतो. लष्करी सरावाच्या मैदानांभोवतालच्या गावांत भंगारातल्या पितळेसाठी न फुटलेले गोळे फोडू पाहणाऱ्या गरिबांच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. पितळेचा मोह जुना आहे. आमच्या शेजारच्या पोराला पितळ शोभेला हवे होते, त्यांना पोटाला हवे असते, एवढाच फरक.

शेवटी एका वकिलांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, काही दडवू नका, काही सजवू नका. आजोबांच्या परवान्याची जुनी प्रत, मृत्यूचा दाखला, बंदूक जमा केल्याची पावती आणि एक साधा अर्ज: अमुक तारखेला माळा आवरताना वस्तू सापडल्या, आम्ही त्यांचे काहीही केलेले नाही, जमा करून घ्याव्यात. शिवाय डबा दुचाकीवर धडधडत नेऊ नका, आधी ठाण्यात जाऊन सांगा. अर्जाचा मसुदा मी केला. निवृत्त अधिकाऱ्याला एवढे तरी करू द्यावे. ‘सापडल्या’ हा शब्द ठेवायचा की ‘मिळून आल्या’ हा, यावर बाप-लेकाची अर्धा तास चर्चा झाली; ‘मिळून आल्या’ हे पोलिसांनी लिहायचे, आपण नव्हे, असा निवाडा मी दिला.

वडील आणि नातू दुपारी ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला, बंदुकीची पावती उलटसुलट पाहिली आणि विचारले, “काही उघडून पाहिलंत का यातलं?” नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला, असे नातू सांगत होता. दोन माणसे घरी आली. त्यांनी काडतुसे मोजली, एकेक वेगळे ठेवले, छरे सांडलेले काडतूस अलगद कापसात घेतले. बाकीचे सोपस्कार व्हायला आणखी दोन फेऱ्या पडल्या. गुन्हा दाखल झाला नाही. प्रत्येकाच्या बाबतीत असेच होईल असे छातीठोक सांगणारा मी कोण? पण बाणगंगेच्या पुलावर रात्री डब्यासह सापडलेल्या माणसापेक्षा, अर्ज घेऊन दिवसा गेलेल्या माणसाची बाजू भक्कम असते, हे सांगायला वकील लागत नाही.

परसात हे सगळे चालले असताना त्या घरातल्या आजी पायरीवर बसून पाहत होत्या. वय पंच्याऐंशी, कान शाबूत. काडतुसांबद्दल त्यांना काही म्हणायचे नव्हते. पोचपावतीवर ‘एकूण १५ नग, पत्र्याच्या डब्यासह’ असे लिहिले जात आहे हे ऐकल्यावर मात्र त्या ताडकन म्हणाल्या, “आरं, डबा कशाला नेताय? त्यात माझ्या लेकीच्या बारशाचे घुगरीचे हरभरे असायचे.” जमादार हसला. पण लिहिलेले खोडता येईना. डबाही गेला.